कळकलेलं तीर्थ

छप्पन सालचा उन्हाळा. चाकणच्या वाचनालयापुढे सकाळीच रांग लागली होती, आणि ती पुस्तकांसाठी नव्हती. सोपानराव मास्तरांना राग आला नाही, नुसता शीण आला. दोन वर्षं खपून त्यांनी एका थोर कवींचा ब्राँझचा अर्धपुतळा इथं बसवला होता. चार पोरं तरी कविता वाचतील, एवढीच त्यांची हाव. वाचल्या कोणीच नाहीत. महिन्याभरात कुठून तरी एक अमृतबुवा उगवला आणि कवींचा देव झाला!

बुवा रोज संध्याकाळी पुतळ्यावर दही-लिंबाचा लेप थापायचा आणि सकाळी तो धुऊन ते पाणी वाटायचा.

"बघा! काल पांढरं हुतं, आज हिरवं! कविराज रातभर तुमचं रोग शोषून घेत्यात अन् अमृत सोडत्यात! उलटी झाली, तर रोग भाईर पडला. न्हाई झाली, तर आतच जिरला!"

काहीही झालं तरी बुवाच खरा.

रांगेत मास्तरांना त्यांची बायको दिसली. विमलबाईंचा चेहरा पांढराफटक, हातात वाटी. दोन दिवस त्या उलट्यांनी बेजार होत्या, त्या कशानं ते आता कळलं.

"अगं, तू इथं?"

"पोटदुखीसाठी हो. आज तिसरा दिवस. तीर्थ मधेच मोडलं तर उलटतं म्हणे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वीस वर्षं मास्तरांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

शेजारीच रहिमान कल्हईवाल्याची भट्टी होती. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मला ठाव हाय ते काय हाय. पण मी मुसलमान माणूस, तुमच्या देवाबद्दल कसं बोलू?"

"देव कुठला, रहिमानभाई? कवी आहेत ते. बोला."

रहिमाननं एक पितळी पातेलं पुढं केलं. कल्हई उडालेलं. गावातल्या कुशाबाईनं ते आत्ताच कल्हईसाठी आणून टाकलं होतं. रात्री राहिलेलं ताक तळाशी हिरवंगार झालं होतं.

मास्तरांनी ते विमलबाईंपुढं धरलं. "पितेस?"

"छे! कळकलंय की ते. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवलं तर विष होतं, एवढं कळत नाही का मला?"

"मग या पुतळ्याला कल्हई कोणी केली होती?"

"पितळेत तांबं, ब्राँझमध्येही तांबं. आंबटानं ते सुटतं आणि हिरवं होतं. हेच तुमचं अमृत."

विमलबाईंनी वाटीत पाहिलं. वाटी त्यांनी तिथंच मातीत ओतून दिली.

"श्रद्धा लागती, श्रद्धा!" बुवा ओरडला.

रांगेतली म्हातारी भागूबाई तीर्थाचा तांब्या घेऊन पुढं झाली. "हाय ना तुजी श्रद्धा? मग तू पी आदी."

"आज माजा उपास हाय," म्हणत बुवानं पिशवी उचलली आणि तो एसटीकडं सुटला.

"मग मास्तर, आता पुतळ्याला लावायचं काय?" कोणीतरी विचारलंच.

मास्तरांना हसूही येईना. "काही लावू नका. ताक कळकलं की ओतून देता ना? चुलीपाशी जी अक्कल वापरता, ती इथं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवू नका. मी एवढंच मागतो."

विमलबाईंचा हात धरून ते डॉक्टरांकडे निघाले.