तिसऱ्याच रात्री पेटलेले आठ दिवे

मी एक जुना पितळी दिवा आहे. दिवा कसला, मित्रांनो, नऊ वाट्यांची भिंतीवरची पाटीच म्हणा. घडवणाऱ्या पेणच्या तांबटाला वाटलं, नऊ म्हणजे नवग्रह. "एक वाटी जरा वर पाहिजे," असं गिऱ्हाइकानं सांगितल्यावर तर त्याची खात्रीच पटली. त्यानं ती सूर्य म्हणून वर बसवली आणि हातही जोडले. थोडक्यात, माझा जन्मच गैरसमजातून झाला.

खरं तर मी ज्यूंच्या हनुक्का सणाचा दिवा. डिसेंबराच्या सुमाराला आठ रात्री लागतो. पहिल्या रात्री एक वात, दुसऱ्या रात्री दोन, अशा वाढवत न्यायच्या. वरची वाटी चाकराची. तिनं बाकीच्यांना पेटवायचं, मोजणीत यायचं नाही.

माझे मालक शालोमभाऊ कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून कोकणातून माजरीला आले. सोबत बायको रिबेकाबाई आणि मी. इथं आमच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं, पण शेजारणी कौतुकानं बघायला यायच्या. "दिवाळी तं केव्हाचीच गेली, बाई!" म्हणायच्या. शालोमभाऊ वारले आणि मी पेटीत गेलो. एकदा शेजारच्या गुणवंतरावांनी मला घरच्या लग्नात चटण्या वाढायला नेलं. चटण्या आठच झाल्या. नवव्या वाटीत काय घालायचं यावरून व्याही रुसले.

यंदा रिबेकाबाईंनी मला बाहेर काढलं, चिंच लावून घासलं. त्यांचा मुलगा रूबेन इस्राएलात, अश्दोदला असतो. परक्या म्हाताऱ्यांची सेवा करतो. तिकडे हल्ल्याचे भोंगे वाजायला लागले आणि त्याचा फोन बंद झाला. बाईंनी मनाशी धरलं: आठ रात्री बिनचूक झाल्या, तर पोरगा बोलेल.

तिसरी रात्र शुक्रवारची. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत वाती लावायच्या, मग आमचा विसाव्याचा दिवस लागतो; शनिवारची रात्र पडेपर्यंत आगीला हात नाही. बाईंनी तीन लावल्या. तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. सुरुंग उडायच्या आधी तो होतोच, आणि माजरीत सगळे फळीवरची भांडी उतरवतात. बाई मात्र फोन कानाला लावून बसलेल्या. सुरुंग उडाला. छताचा एक मोठा पोपडा सुटला तो नेमका माझ्यावर. मी विझलो. बाईंनी बाहेर पाहिलं, तर सूर्यही बुडालेला.

बाई अंधारातच रडत बसल्या. शेजारच्या ठमाबाई आल्या.

"अंधारात काऊन बसली वं? तेल संपलं का?"

दुसऱ्याला लाव म्हणणंही रिबेकाबाईंना चालत नाही. ठमाबाईंनी घरून तेल आणलं, मला पुसलं आणि नऊच्या नऊ वाट्या पेटवल्या.

"तीनच काऊन लावते? मी का कंजूस आहो?"

मी झगझगलो. इतका चुकीचा आणि इतका देखणा मी कधीच दिसलो नव्हतो.

"गेलं, ठमा," रिबेकाबाई म्हणाल्या. "मोजणी मोडली. आता रूबेन बोलत नाई."

ठमाबाईंचा चेहरा उतरला. "मले का ठाऊक वं, बाई! पाच विझवू का?"

"बस इथी. जळू दे."

शनिवारी फोन उचलायचा नाही, हा नियम बाईंनी गुपचूप मोडायचं ठरवलं होतं. फोननंच तो पाळला.

दुसऱ्या दिवशी रात्र पडली तरी त्यांनी मला हात लावला नाही. ठमाबाईच आल्या. "आज चार न?"

"काय उपयोग?"

"उपयोग मले नाई माहीत. आज चार आहे."

असं करत आठवी रात्र आली. मी रीतसर आठ वातींनी जळत होतो. दोघी समोर बसलेल्या, मध्ये फोन. फार पूर्वी आमच्या देवळात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, त्याचा हा सण. माझ्यात तासाभराचं तेल तासभरच पुरतं. एकेक वाटी विझत गेली. आणि फोन वाजला! दोघींनी झडप घातली. कुणी बाई नव्या वर्षाची रिचार्ज ऑफर सांगत होती.

शेवटची वात फडफडायला लागली. ठमाबाई उठल्या, घरून तेलाची कॅन घेऊन आल्या आणि माझ्या वाट्या भरू लागल्या.

"आठ तं झाल्या," रिबेकाबाई म्हणाल्या.

"बोलला का तो?"

"नाई."

"मंग?"

मित्रांनो, नवव्या रात्रीचा नियम कुणी केलेला नाही. आम्ही ती चालवतो आहोत. दहावीही चालवू. मला चकचकीत ठेवलं नाही तरी चालेल. पण तुमच्या शेजारी कुणी गप्प फोनसमोर बसलं असेल, तर तेल घेऊन जा. चुकलं तर चुकू द्या.