तोंड घेतलं का?

मी एक जुना स्टीरिओ आहे, मित्रांनो, आणि माझं तोंड काढता येतं. हसू नका. एक कळ दाबली की माझी बटणांची पुढची फळी सुटून हातात येते, आणि गाडीत उरतो तो नुसता काळा चौकोन. मग मी ऐकू शकतो, बोलू शकत नाही.

गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा मी तिच्यात नव्हतो. तिचा मूळ रेडिओ खरखरत खरखरत एके दिवशी गप्प झाला, आणि त्याच्या रिकाम्या खोबणीत मला दुकानातून आणून बसवलं. बसवणाऱ्यांना सगळे वायरवाले काका म्हणत. ते डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून, ओठांत स्क्रू धरून काम करायचे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कुणाला कळायचंच नाही. मला आत सरकवण्याआधी त्यांनी माझ्या पाठीला एक लोखंडी पट्टी लावली आणि ती आतल्या पत्र्याला नट घालून आवळली. गाडीचे मालक, म्हणजे बाबा, कुरकुरले, की हे काय मधेच, उगाच वेळ जातोय. काकांनी ओठांतले स्क्रू हातात घेतले.

"बाहेरून बसवलेल्या स्टीरिओवर सगळ्यांचा डोळा असतो, साहेब. पट्टी असली की हिसका मारून निघत नाही. आणि गाडीतून उतरताना याचं तोंड काढून सोबत न्यायचं. बिनतोंडाचा माल कोण घेतोय?"

तोंड हा शब्द त्या घरात शिरला तो असा.

घर तिघांचं. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे मागच्या सीटवर कायम तेलाच्या बाटल्या आणि सुयांच्या डब्या खुळखुळत असत. आई एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची. तिने नंबर पुकारला की बाहेर पायरीवर डुलक्या काढणारा माणूससुद्धा ताडकन उभा राहायचा, म्हणे. आणि मुलीने तर आईचा आवाज व्याजासकट उचलला होता. तिला घरात भोंगाच म्हणत. गाडी थांबली रे थांबली की भोंगा विचारायची, "तोंड घेतलं का?" बाबा विसरलेले असले तर आई म्हणायची, "तोंड इथेच ठेवून चाललात? मग जेवणार कशाने?" एकदा ही चौकशी ऐकून शेजारच्या आजोबांनी गाडीच्या काचेत बघत घाईघाईने आपली कवळी चाचपून पाहिली. तेव्हा आई एवढी हसली की माझे स्पीकरसुद्धा लाजले.

आता माझ्या पोटातल्या कॅसेटबद्दल सांगतो. बाबांना मशीनमध्ये दोरा डोळे मिटून ओवता येई, पण रस्ते काही केल्या लक्षात राहत नसत. मामाचं गाव दूर, वाटेत फाटे फार, आणि आईला ड्युटीमुळे दर वेळी जाता येत नसे. मग तिने काय केलं, घरी बसून सगळा रस्ता कॅसेटवर बोलून ठेवला. "अहो, आता मला बंद करा. पेट्रोल पंप दिसला की चालू करा." पुढे, "पूल आला. नदी बघू नका, समोर बघा." आणि एका फाट्यानंतर, थोडं थांबून, "चुकलात ना? मला माहीत होतं. वळा मागे." बाबा गाडीत एकटे असले तरी तिला उत्तर द्यायचे, "नाही चुकलो, बाई." खरं तर ते तेव्हा चुकलेलेच असत.

ही कॅसेट एका उन्हाळ्यात माझ्या पोटात अडकली. वाजायची, मागेपुढे फिरायची, पण बाहेर निघायचं नाव घेईना. काका म्हणाले, ओढली तर फीत तुटेल. बाबा म्हणाले, राहू दे पोटातच, कुठे जातेय. तिची दुसरी प्रत काढावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. बोलणारं माणूस शेजारच्या सीटवर बसलेलं असताना प्रत कोण काढतो?

मग आईच्या गळ्याचं दुखणं निघालं.

ते दिवस मी फक्त येता-जाता ऐकले. बाबा गाडी चालवताना कुणाशी बोलत नसत, आणि भोंगा खिडकीला डोकं टेकून बसायची. ऑपरेशन झालं. आईचा जीव वाचला, आवाज गेला. ती घरी आली तेव्हा गळ्याभोवती रुमाल होता आणि मांडीवर एक पाटी. डॉक्टरांनी तिला छोट्या बॅटरीसारखं एक यंत्र दिलं होतं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की शब्द उमटत, पण सगळे एकाच सुरात, घरघर करत. घरी तिने ते एकदाच लावून पाहिलं. भोंगाला रडू फुटलं, आणि यंत्र पर्समध्ये गेलं ते गेलंच. हे बाबा मामाला फोनवर सांगत होते, तेव्हा मला कळलं.

त्या दिवसापासून माझ्या पोटातली कॅसेट कुणी लावली नाही. आईला वाईट वाटेल ना. आणि आणखी एक गोष्ट बंद झाली. गाडी थांबली, भोंगाने सवयीने "तोंड..." एवढं म्हटलं, आईच्या गळ्यातल्या रुमालाकडे तिची नजर गेली, आणि पुढचे शब्द तिने गिळून टाकले. बाबांनी आरशातून ते पाहिलं. दोघं काही बोलली नाहीत, पण ठरून गेलं. तो शब्द आता नको. सुरुवातीला बाबा गुपचूप माझी फळी काढून खिशात टाकायचे. पण मित्रांनो, त्यांना आठवण करून देणारं कुणी राहिलं नव्हतं. कधी काढायचे, कधी राहून जायचं.

आईच्या तपासणीच्या दिवशी राहून गेलं.

गाडी हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लावली होती. भर दुपार होती, येणारे-जाणारे होते. स्वच्छ इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला, त्याने मागची छोटी काच फोडली, हात घालून दार उघडलं आणि माझ्या कडेने स्क्रू ड्रायव्हर खुपसला. त्याने मला ओढलं. डॅशबोर्ड कडकडला, वायरी ताणल्या, आणि पाठीवरची पट्टी आवळून बसली. त्याने पाय टेकवून पुन्हा ओढलं. मी मनातल्या मनात काकांचं नाव घेत होतो. तेवढ्यात कुणाचीतरी पावलं वाजली, आणि तो हाताला लागलं ते उपटून पळाला. हाताला लागलं होतं माझं तोंड. शरीराशिवाय त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. पुढच्या वळणावर फेकूनही दिलं असेल.

तिघं परत आली तेव्हा सीटवर काचा होत्या. बाबा काचा वेचू लागले, उगाचच, हातानेच. मी तिथेच होतो, कॅसेट माझ्या पोटातच होती, पण तोंडाशिवाय ती वाजणार कशी? आईचा उरलेला सगळा आवाज त्या फितीत होता, हे तिघांनाही एकदमच उमगलं असावं.

"मी विचारलं नाही," भोंगा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मी तरी कुठे बघितलं," बाबा म्हणाले.

आईने पाटी काढली नाही. तिने पर्समधून यंत्र काढलं, रुमाल बाजूला केला, आणि पार्किंगमध्ये, लोकांच्या देखत, ते गळ्याला लावलं.

"तोंड म्हणायला काय झालं होतं?" ते घरघरलं.

बाबा काचा वेचायचे थांबले.

"आवाज माझा गेलाय. शब्द तुम्ही का सोडलात?" मग थोडं थांबून, "आणि ती कॅसेट. रोज वाटायचं, आज लावाल. मला ऐकायची होती."

बाबा म्हणाले, "तुला त्रास होईल म्हणून..."

"मला विचारलंत?"

तो सूर अगदी सपाट होता, मित्रांनो, त्यात ना चढ ना उतार. तरी त्या प्रश्नाने बाबांची मान खाली गेली. आणि मला मात्र तो सूर ओळखीचा वाटला. यंत्रातून येणारा आवाज कसा असतो, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार?

वायरवाल्या काकांनी भंगारबाजार पालथा घातला. माझ्याच जातीच्या एका मेलेल्या स्टीरिओचं तोंड त्यांना मिळालं. बटणांवरची अक्षरं पुसलेली, कोपरा तुटलेला. ते पहिल्यांदा बसेना, मग खरवडून, फुंकर मारून त्यांनी बसवलं, आणि माझ्या अंगात पुन्हा उजेड आला. काका म्हणाले, फीत झिजलीय, फार दिवस काढणार नाही. आधी ती उतरवून घ्या.

म्हणून एका सकाळी तिघं गाडीच्या काचा वर करून आत बसली. भोंगाने मोबाइल स्पीकरजवळ धरला आणि कुणी शिंकायचंही नाही अशी ताकीद दिली. मी जीव ओतून वाजलो. पेट्रोल पंप गेला, पूल गेला. बाबा डोळे मिटून होते. मग तो फाटा आला, ती थोडीशी शांतता आली, आणि मी आईचं जुनं वाक्य बोललो, "चुकलात ना? मला माहीत होतं."

मागच्या सीटवरून घरघर आली, "अजूनही चुकतात."

बाबा हसले आणि हसता हसता रडू लागले. भोंगाने मोबाइल बंद केला नाही. नंतर बाबा म्हणाले, पुन्हा नीट उतरवून घेऊ, मधला भाग काढून टाकू. भोंगा म्हणाली, एक शब्दही काढायचा नाही. आता त्या प्रतीत आईचे दोन्ही आवाज आहेत, एकामागोमाग एक, आणि मामाच्या गावाला जाताना तीच लागते.

मी आता फारसा वाजत नाही. माझं उसनं तोंड रोज आईच्या पर्समध्ये, तिच्या यंत्राशेजारी घरी जातं, आणि मी अंधारात त्यांच्या परतण्याची वाट पाहतो. मित्रांनो, तुमच्या गाडीत माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्या पाठीला पट्टी आवळा, त्याचं तोंड काढून न्या, मोलाची गोष्ट असेल तर तिची प्रत आजच काढा. पण नुसतं झाकून ठेवलं म्हणजे जपलं, असं समजू नका. मी लोखंडाचा, मला विचारलं नाही तरी चालेल. माणसाला जपायचं असेल तर आधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, तुला कसं जपू? आणि उत्तर कुठल्याही सुरात येवो, ते शेवटपर्यंत ऐका.