ताओबाईंचा आदर्श पाठ

मुलांना जे तोंडपाठ येतं ते साहेबांसमोर पहिल्यांदाच शिकवल्यासारखं शिकवायचं, याला आमच्याकडे आदर्श पाठ म्हणतात. इंग्रजीच्या ताओबाई त्यात तरबेज. तरीही त्यांची वरिष्ठ श्रेणी दरवर्षी अडायची, आणि यंदा हुकली की निवृत्तीपर्यंत हुकलीच.

यंदाचं क्रियापद होतं 'प्रिटेंड', म्हणजे ढोंग करणं. बाईंनी महिनाभर तालीम घेतली. कोण अडखळणार, कुठल्या विनोदाला हसायचं, सगळं ठरलेलं. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, नसेल त्याने डावा. पण हात सगळ्यांनी करायचा. मी गणिताचा मास्तर. मागची बाकं भरायला मला बसवलं होतं.

पाठ छान रंगला. पुस्तकातल्या मांजरीचं झोपल्याचं ढोंग करून झालं, चोराचं पाहुणा असल्याचं. तेवढ्यात तपासणीला आलेले जिल्ह्याचे पांगसाहेब उठले आणि त्यांनी स्वतःच एका मुलीकडे बोट दाखवलं. युन्शी. हात डावा. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"तुझ्या मनाचं एक वाक्य सांग, बाळ. पुस्तकातलं नको."

युन्शीने बाईंकडे बघितलं. बाईंनी फळ्याकडे बघितलं. मग पोरगी एकेक शब्द जुळवत इंग्रजीत म्हणाली, "हा धडा आम्ही आजच शिकतोय, असं ढोंग आम्ही करतोय."

मुख्याध्यापक थर्मासचं झाकण उघडायला आणि लावायला लागले. संपलं बाईंचं, मी मनात म्हटलं. पण खरं सांगतो, त्या पोरीचं मला फार कौतुक वाटलं.

पांगसाहेब खो खो हसले. "वा! क्रियापद जिवंत केलंस, पोरी! ताओबाई, ही उत्स्फूर्तता आणली कुठून?"

"मुलांना मोकळं सोडलं की येते, साहेब," बाई म्हणाल्या. घाम पुसायचा मात्र राहून गेला.

बाईंना श्रेणी मिळाली. पाठ जिल्हाभर नमुना म्हणून गेला, उत्स्फूर्त वाक्यासकट. आता प्रत्येक शाळेत एक मुलगी ठरल्या जागी घाबरून उभी राहते, तेच वाक्य बोलते, आणि तिथले साहेब खो खो हसतात. आमच्याकडे तो मान अर्थात युन्शीचा.

परवा ती जिन्यात भेटली. म्हटलं, "काय गं, तुझ्या मनाचं आणखी एखादं वाक्य ऐकव की."

"कुठलं म्हणू, सर?" ती म्हणाली. "बाईंनी चार लिहून दिलीत."