नाताळाला गेलेली घोंगडी

मी घोंगडी. न्हावऱ्याच्या मल्हारी आबाची. काळीभोर, पाच हात लांब, दोन्ही काठांना पांढरी किनार. बोलायला जरा फटकळ आहे, तेव्हा आधीच सांभाळून घ्या. मऊमऊ बोलायला मी काही दुकानातली शाल नाही.

माझा जन्म कवठे येमाईचा. आबाच्या कळपातली मेंढरं कातरली, लोकर पिंजली आणि त्याच्या बायकोनं, गिताबाईनं, चरख्यावर सूत काढलं. सुताला चिंचोक्याची खळ पाजून साखरबाईच्या घरच्या मागावर मला विणलं. घडी घालून देताना साखरबाई म्हणाली होती की ही नातवंडांना पुरेल. बाईच्या तोंडात साखर पडो, तसंच झालं.

मग काय, माझ्या पायाला भिंगरी. दिवाळी झाली की कळप निघायचा तो घोडच्या कडेकडेनं खाली, भीमा धरून दौंडच्या अंगाला. थंडीत मी आबाच्या अंगावर, भुरभुर लागली की डोक्यावर खोळ होऊन. दर सोमवतीला आबा मला खांद्यावर टाकून जेजुरीला जायचा. तिथला भंडारा माझ्यावर इतक्यांदा उधळला गेला, की किनार मूळची पांढरी होती हे मीच विसरून गेले.

पुढं आबा न्हावऱ्याला शेतीवर स्थिरावला. कालव्याचं पाणी आलं, माळावर ऊस नि कांदा उभा राहिला. आता मेंढरांनी चरायचं कुठं? पोरांनी धोशा लावला आणि एक्क्याण्णव साली आबानं कळप विकला. त्या दिवशी तो जेवला नाही. पोरांनी बाजारातून मोठमोठ्या फुलांच्या रगा आणल्या आणि मी गेले ट्रंकेत. आठ वर्षं ट्रंकेत! रगा मऊ असतात, मान्य आहे. पण मेल्यांना वळण म्हणून नाही.

न्हावऱ्याच्या शाळेत अनिता साळवे नावाच्या बाई होत्या. राहायला दौंडला, रोज एसटीनं ये-जा. आबाची नात धनश्री त्यांच्या वर्गात. शाळेच्या संमेलनात आबानं धनगरी ओवी म्हटली, तेव्हा बाई पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. बाई ख्रिस्ती. दौंडच्या त्यांच्या चर्चमध्ये नाताळाचं नाटक बसवायचं काम त्यांच्याकडे. येशूबाळ जन्मला ही बातमी सगळ्यांत आधी रानातल्या मेंढक्यांना कळली, अशी त्यांची गोष्ट. पण दरवर्षी मेंढके व्हायची ती रेल्वे कॉलनीतली पोरं. डोक्याला टॉवेल, अंगावर चादर आणि तोंडात विलायती चालीचं गाणं. थंडीच्या दिवसांत उघड्या रानात पातळ चादर पांघरून बसणारा मेंढका मी तरी पाहिलेला नाही.

बाई म्हणाल्या, "आबा, आमच्या गोष्टीत मेंढके आहेत, पण आमच्यातल्या कुणीच कधी मेंढरू वळलेलं नाही. तुम्ही याल? ओवी म्हणाल?"

आबानं सरळच विचारलं, "मला द्येव तर बदलाय लावनार न्हाई न्हवं?"

"नाही आबा. तुम्ही आहात तसेच या."

आबा खूश झाला. कळप गेल्यापासून त्याला मेंढका म्हणून कुणी बोलावलंच नव्हतं. त्यानं ट्रंक उघडली, मला उन्हात झटकलं आणि तालमीसाठी बाईंच्या हवाली केलं. एसटीत बाईंनी मला मांडीवर घेतलं होतं. आठ वर्षांनी वारा लागला, काय सांगू!

दौंडला मात्र माशी शिंकली. चर्चच्या पंचांमध्ये आनंदराव गायकवाड होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. सदरा पांढराशुभ्र, बोलणं गाडीच्या वेळेसारखं नेमकं. त्यांनी माझी किनार पाहिली आणि हात मागं घेतला. मला असा राग आला! बाईंनी पुष्कळ समजावलं. आपली भजनं पेटी-तबल्यावर चालतात, मग ओवी का नको? गाणारा या मातीतला, आपणही या मातीतले. देवानं ज्यांना आधी निरोप धाडला, त्यांचंच गाणं आपल्याला चालत नाही, हे कसं?

आनंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अनिता, गाणं एकटं येत नाही. त्याच्यामागं सगळा गाव येतो. गावात ढोल घुमायचा तेव्हा माझा आजा उकिरड्यापलीकडं उभा राहून ऐकायचा. पंच घोंगडीवर बसायचे, तो धुळीत. पहिल्यांदा बसायला बाक दिला तो या चर्चनं. त्या बाकासमोर तीच घोंगडी आणून ठेवतेस?"

खरं सांगते, माझा राग तिथंच विरला. माझ्यावरही पंच बसायचे. त्यांच्यात यांच्या आज्यासारखा कुणी बसलेला मला आठवेना. पुष्कळ आठवून पाहिलं.

शेवटी मधला मार्ग निघाला. मेंढका येऊ दे, पण ओवी नको. घोंगडी येऊ दे, पण त्यावरचा भंडारा आधी निघाला पाहिजे. बाई कष्टी झाल्या, तरी मान हलवली. निदान आबा मानानं चर्चची पायरी चढेल, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तिथंच त्यांनी एक चूक केली.

आमच्यात घोंगडी उन्हात टाकतात, काठीनं झटकतात, फारच झालं तर नदीच्या गार पाण्यातून काढतात. साबण कधी लावत नाहीत. बाईंनी मला कढत पाण्यात बुचकळलं आणि वर दोन मुठी पावडर टाकली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. पण एवढी हळद! टप लालभडक झाला. बाई घाबरून चार पावलं मागं सरल्या. मग पाणी बदल, पुन्हा चोळ, पुन्हा पाणी बदल. संध्याकाळी दोरीवर वाळले तेव्हा किनार पांढरी होती, मी वीतभर आटले होते आणि अंगाला बाजारातल्या पावडरीचा वास मारत होता. माझी मला ओळख पटेना. बाई माझ्याकडं बघत पायरीवर बसून राहिल्या. आबाला विचारलं नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

नाताळाआधीच्या रविवारी दुपारी कार्यक्रम होता. आबा आणि गिताबाई सकाळच्याच एसटीनं आले. आबानं लाल पटका बांधला होता, नवं धोतर नेसलं होतं. बाईंना काही तरी सबब सांगता आली असती. जुनी घोंगडी, आटली म्हणून. पण नाही. लोक बाकांवर बसत होते, आनंदराव शेजारीच उभे होते. त्यांच्यादेखत बाईंनी मला आबापुढं धरलं आणि सांगून टाकलं, "आबा, मी तुम्हाला न विचारता धुतली. भंडारा गेला. माझं चुकलं."

आबानं मला हातात घेतलं. किनार पाहिली. मग नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं.

"भंडाऱ्याचं काय न्हाई, बाई," आबा म्हणाला. "सोमवतीला ग्येलो की परत लागंल. पर कळप इकून आठ वरसं झाली. माज्या मेंढरांचा वास ऱ्हायला व्हता ह्यात. ट्रंक उघडून घ्यायचो कवाकवा."

आणि तो रडला. चारचौघांत, पटक्याच्या शेवानं डोळे पुसत. मला हे कधी कळलंच नव्हतं हो. मला वाटायचं, म्हातारा ट्रंकेतल्या उंदरांची पाहणी करतो.

आनंदराव एकदम खाली बसले. जन्मभर त्यांनी मेंढपाळ येशूवर प्रवचनं ऐकलेली, मेंढपाळाची गाणी म्हटलेली. आणि जो मेंढका समोर उभा राहिला, त्याची मेंढरंच त्यांनी धुवून काढायला लावली होती. थोड्या वेळानं ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धुवायला मी सांगितली. चूक माझी. आबा, तुमची इच्छा असली तर ओवी होऊ द्या."

आबानं गिताबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं मला खांद्यावर घेतलं, हात कानाला लावला. आमच्या ओवीत आधी देवांची नावं घेतात. आबा म्हणाला की ती नावं मी घरीच घेतली, तुमच्या दारात तुम्हाला अवघड करत नाही. इथं फक्त मेंढरांचं सांगतो. मग त्यानं बांडीचं सांगितलं. बांडी ही त्याची पायानं अधू मेंढी. संध्याकाळी ती कळपात दिसली नाही, म्हणून बाकीची सगळी गिताबाईच्या भरवशावर टाकून तो घोडच्या काठानं काट्यातून हिंडला, बाभळीखालून तिला सोडवली आणि खांद्यावर घालून आणली. गाताना गिताबाईच्या "जी जी"नं चर्चचे पत्रे घुमले.

लोक चकित. येशूनं सांगितलेली, शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराची अशीच गोष्ट ते लहानपणापासून ऐकत आले होते. एका पोरीनं धीर करून विचारलं, "आबा, किती मेंढरं होती? मोजल्यावर एक कमी भरलं का?"

आबा हसला. "मेंढरं मोजत न्हाईत, पोरी. त्वांड दिसलं न्हाई की कळतं."

चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, त्या दिवशी प्रवचन आवरतं घ्यावं लागलं. सांगायला काही उरलंच नव्हतं, असं ते स्वतःच म्हणाले. नाटक झालं, पोरांनी टॉवेल फेकून दिले आणि एकेकजण मला पांघरून गेला. मी सगळ्यांना टोचले. खरे मेंढके व्हायचं तर तेवढं सोसायला नको?

कार्यक्रम झाल्यावर आनंदरावांनी आबाकडं मला आठ दिवसांसाठी मागून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. आबानं दिलं. त्याचं मन मोठं, मी मात्र धास्तावले. आता आणखी काय लावतात अंगाला!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि भीमेकाठच्या एका शेतात नेलं. खतासाठी तिथं शेतकऱ्यानं मेंढरं बसवली होती. कळप दिवसा चरायला जातो, कोकरं मागं बिऱ्हाडापाशी राहतात. तिथं रंगुबाई म्हणून मेंढकीण होती. हा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस म्हणतो काय, तर ही घोंगडी तुमच्या कोकरांखाली अंथरू द्या. रंगुबाई हसून हसून बेजार झाली. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली, तशी ती हसायची थांबली आणि तिनंच मला अंथरलं.

आनंदराव पाच दिवस येत राहिले. जेवणाचा डबा घेऊन यायचे आणि ऊन उतरेपर्यंत बांधावर बसायचे. कोकरं माझ्यावर लोळली, झोपली, आणखी काय काय केलं ते मी सांगत नाही. एकानं तर आनंदरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावरच केलं. ते नुसतेच "असू दे, असू दे" म्हणाले.

सहाव्या दिवशी ते मला घेऊन स्वतः एसटीनं न्हावऱ्याला आले. आबा ओट्यावर होता. त्यानं मला नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. आमच्या तिघांचा श्वास अडकला. माझा, आनंदरावांचा आणि दारात उभ्या गिताबाईचा.

"ही माजी न्हाईत," आबा म्हणाला. मग पुन्हा वास घेतला. "पर मेंढरंच हायत."

त्यानं मला ओट्यावर पसरलं, हातानं सुरकुती मोडली आणि आपल्या शेजारची जागा थोपटली. "बसा, आप्पा."

आनंदराव उभेच राहिले. म्हणाले, "आबा, आमच्यातलं कुणी या घोंगडीवर आजवर बसलं नाही."

"मंग लईच उशीर झाला," आबा म्हणाला. "बसा."

ते चपला काढून बसले. मी फार माणसं पेलली, पण त्या माणसाला धरताना मला माझ्या वीतभर आटलेल्या अंगाची लाज वाटली. वाटलं, आणखी थोडी लांब असायला हवी होते. गिताबाईनं चहा आणला. ते दोघं किती तरी वेळ कांद्याच्या रोपांबद्दल बोलत बसले.

आता दोन हजार सात सरत आलंय. आबा जाऊन दोन वर्षं झाली. धनश्री मला उन्हात टाकते, झटकते, सोमवतीला जेजुरीलाही नेते. दरवर्षी नाताळात मी दौंडला जाते, आणि गेली दोन वर्षं आबाची ओवी धनश्री म्हणते. बाई निवृत्तीला आल्या, पण तालमीत अजून खडूस आहेत. एवढ्या माणसांनी मला आपलं म्हटलं. एका घोंगडीनं आणखी काय मागावं? मी सगळ्यांची ऋणी आहे, त्या पाच दिवसांच्या कोकरांचीसुद्धा.

तुमच्याकडं एकच मागणं. दुसऱ्याचं गाणं, दुसऱ्याची वस्तू आपल्या देवाच्या दारी न्यावीशी वाटली, तर खुशाल न्या. फक्त धुण्याआधी तिच्या माणसाला विचारा. आणि त्याला सोबत न्या.

बरंय, निघते. आनंदराव मला न्यायला आलेत. ऐंशीचे झाले, तरी दुसऱ्या कुणाला येऊ देत नाहीत.