वाळूची पेटी

झुपकेदार मिशांच्या त्या दुसऱ्या जादूगाराचा, झुपकेवाल्याचा, व्हिडिओ दादाने दाखवला, तेव्हा जादूगारणीला आधी संताप आला. उभी काचेची पेटी तीच, वरून कोसळणारी वाळू तीच, डोक्यावरून वाळू गेल्यावर पडणारा काळा पडदाही तोच. सहा वर्षं खपून तिने हा खेळ उभा केला होता. पेटी तिच्या थोरल्या भावाने, या दादानेच बनवलेली. त्या दोघांपलीकडे तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"चोर मेला! नुसतं बघून उचललंय सगळं," दादा म्हणाला.

तिने व्हिडिओ पुन्हा लावला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. ही नुसती तालीम होती, वाळू त्याच्या गुडघ्यापर्यंतच ओतली होती. पण ती वाळू ज्या तऱ्हेने धप्पकन बसत होती, त्यावरून ती खरी आहे हे कळत होतं. तिच्या पेटीत वाळू नव्हतीच. रंगवलेला बुचाचा भुसा होता, पिसासारखा हलका. त्यात श्वास रोखून हात हलवता येतो, मागचं दार बाजूला सरकवून बाहेर पडता येतं. झुपकेवाल्याच्या पेटीला कडी-बिजागरीचं दार होतं आणि ते आत उघडत होतं.

"दादा, वाळू दाबून बसली की ते दार उघडायचं नाही. मरेल रे तो!"

तिने झुपकेवाल्याला फोन लावला. "खरी वाळू वापरू नका. आत अडकाल."

"मग तुम्ही काय वापरता?" तो हसत म्हणाला.

शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला. "ते विचारू नका. खेळ करू नका, एवढंच सांगते."

"धमकी देताय का, मॅडम? हॉल फुल्ल आहे उद्या. या बघायला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं गेली. रंगमंचामागे जायला दारवानाने सोडलं नाही. "तुमच्यासारखे खूप येतात," म्हणाला. मग दारावर दुप्पट पैसे देऊन कुणाची तरी तिकिटं घेतली आणि दोघं मधल्या रांगेत बसली. शेजारची बाई आपल्या मुलीला सांगत होती, "बघ हं, आता हा गाडला जाणार आणि हॉलच्या मागच्या दारातून येणार!"

झुपकेवाला आला, लवून नमस्कार करून पेटीत शिरला. चमचमता झगा घातलेल्या त्याच्या बायकोने दोरी ओढली. जादूगारणीचे कान वाळूच्या आवाजाकडे लागले. भुसा सळसळतो, ही आदळत होती. कंबर, छाती, हनुवटी. त्याचे डोळे एकदा मोठे झाले, मग तेही झाकले गेले. पडदा पडला. संगीत वाढलं. माना वळवून लोक हॉलच्या मागच्या दाराकडे बघू लागले.

तिथे कुणीच आलं नाही.

उठ, असं तिने स्वतःला बजावलं. पण ती उठली नाही. आता ओरडलं की अख्ख्या हॉलसमोर सगळं उघडं पडणार, सहा वर्षं पाण्यात. रंगमंचावर त्याची बायको अजून हसत उभी होती, पण तिची नजर पडद्याकडे वळत होती, पुन्हा पुन्हा.

"अगं, बसलीस काय!" दादाने तिला गदागदा हलवलं.

मग ती ओरडली. स्वतःलाच परका वाटावा अशा आवाजात. "खरी वाळू आहे ती! पेटीचं मागचं दार आत उघडतं, ते उघडणार नाही! काच फोडा, समोरची काच!"

लोकांना तो खेळातलाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. दादा मात्र खुर्च्यांवरून उड्या मारत वर पोचला, पडदा ओढून काढला आणि रंगमंचावरचं लोखंडी स्टूल काचेवर घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या तडाख्याला वाळू भसकन बाहेर आली आणि तिच्याबरोबर झुपकेवाला, निळा पडलेला. टाळ्या थांबल्या. त्याच्या बायकोने त्याच्या तोंडात बोटं घालून वाळू उपसली. तो खोकला, तेव्हा कुठे जादूगारणीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळपर्यंत फुटलेली पेटी आणि तिचं मागचं दार शेकडो मोबाइलवर फिरत होतं. तिचा खेळ संपला होता.

ती दोघं दवाखान्यात पोचली, तेव्हा झुपकेवाला शुद्धीवर होता. बरगड्या मोडल्या होत्या. तिला बघून घोगऱ्या आवाजात त्याने विचारलं, "तुमची वाळू कसली असते?"

"बुचाचा भुसा," ती म्हणाली.

बायको खाटेच्या पलीकडे बसली होती, झगा अजून अंगावर, केसांत वाळू. तिने मान वर केली. "हे काल फोनवर बोलतानाच माहीत होतं ना तुम्हाला?"

दादाने जादूगारणीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, घरी जाऊ," तो हळूच म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली आणि खाटेजवळचं दुसरं स्टूल ओढून त्या बाईसमोर बसली.