कोरडं वजन

डायलिसिसच्या खुर्चीत बसायच्या आधी वासुदेवराव वजनकाट्यावर उभे राहिले. टेक्निशियनने आकडा पाहिला आणि मग यांच्याकडे न बघता यांच्या बायकोकडे, स्मिताकडे बघितलं. तिला तिथेच कळलं.

"अक्का, नीरु जास्ती," तो हळूच म्हणाला. पाणी फार झालंय. म्हणजे गुन्हा यांचा आणि समन्स हिच्या नावाचं.

"मी काही प्यालेलो नाही," वासुदेवराव छताकडे बघत म्हणाले.

"मग काय हवेतून आलं?"

"डाळीतनं आलं असेल."

बाजूच्या खुर्च्यांतली माणसं ऐकत होती. स्मिता मनातच चरफडली. डाळीतनं म्हणे! डाळ ती स्वतः चमच्याने मोजून वाढत होती.

किडन्या धड असतात तोवर माणसाला त्यांची आठवणसुद्धा होत नाही. किती पाणी ठेवायचं, किती सोडायचं, मीठ किती, पोटॅशियम किती, सगळं त्या आपल्या आपण बघतात. लग्नात चार ताटं जास्त जेवलात तरी तक्रार नाही. वासुदेवरावांच्या बसल्या, आणि ते सगळं खातं येऊन पडलं बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या दोन खोल्यांच्या घरात, स्मिताच्या ओट्यावर. बटाटे चिरा, भिजवा, उकळा, ते पाणी ओतून द्या आणि उरलेल्या चोथ्याला भाजी म्हणा. टोमॅटो बंद, केळं बंद, शहाळं तर दारातसुद्धा नको. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं, गोळ्याही त्यातूनच. एकट्याला कसं वाढायचं म्हणून तीही तेच खायची. निपाणीकडची बाई, आणि ठेच्याची बरणी माळ्यावर टाकून बसली होती.

एवढं सगळं कशासाठी, तर किडनी बसवण्यासाठी. किडनी तिचीच. रक्तगट जुळला होता, तपासण्या झाल्या होत्या, पुण्याहून मुलगा, तनय, रजा काढून यायला तयार होता. अडलं होतं ते वासुदेवरावांच्या हृदयापाशी. जयनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "जादा पाण्याने हृदय ताणलं जातंय. जादा पाणी काढल्यावर जे उरतं ना, ते यांचं कोरडं वजन. त्याच्या आसपास राहिले तर ऑपरेशन. नाहीतर ह्या हृदयावर मी भूल देऊ देणार नाही." आणि मग, वासुदेवराव चपला घालत असताना, हलक्या आवाजात, "फार वेळ नाहीये हो."

स्वतःच्या पोटातला अवयव काढून द्यायला निघालेली बाई, आणि हे गृहस्थ कुठून तरी पाणी पिऊन येतात! तिने न्हाणीतला तांब्या उचलला. फ्रिजमधला बर्फ टाकला. देवापुढचं तीर्थाचं भांडंसुद्धा आत ठेवलं. वजन वाढतच राहिलं.

सापडलं ते अगदी सहज. सकाळी ती मेथी आणायला निघाली होती. हे फिरायला गेलेले. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, त्या उभ्याने खायच्या हॉटेलात, स्टीलच्या उंच टेबलाभोवती चार जण उभे होते आणि त्यातला एक तिचा नवरा होता. हातात कॉफीचा पेला, समोर सांबारात बुडालेली इडली, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"बन्नी अक्का, या या," शिवकुमार म्हणाले. शिवकुमार मूळचे चिक्कोडीचे, वासुदेवरावांच्या कारखान्यातले जुने सोबती, मराठी आणि कन्नड एकाच घासात बोलणारे. "अजून एक बाय-टू सांगतो."

बाय-टू म्हणजे एक कॉफी दोघांत. सगळ्या बेंगळुरूची सवय ती. चौघांतला प्रत्येक जण आपल्या पाळीला बाय-टू मागवायचा, म्हणजे बोलता बोलता किती अर्धे पेले पोटात गेले याचा पत्ता कुणालाच नाही.

"हे रोज पितात?" स्मिताने विचारलं.

"अर्धा अर्धाच हो अक्का, स्वल्प. बीपीचं माहितेय आम्हाला. साखर कमी घालायला सांगतो."

बीपी! एवढंच सांगितलं होतं यांनी. डायलिसिसच्या सुया टोचलेला दंड ऐन उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांत झाकलेला होता. स्मिताच्या डोक्यात तिडीक गेली. घरी नेऊन बोलता आलं असतं. तेवढा धीर तिला राहिला नाही.

"यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात," ती म्हणाली. "आठवड्यातनं तीनदा मशीनवर असतात. माझी किडनी देणार आहे मी यांना, आणि यांच्या ह्या अर्ध्या अर्ध्या कॉफीपायी ते ऑपरेशन होत नाहीये. यांना पाजू नका, हात जोडते."

वासुदेवरावांनी पेला खाली ठेवला आणि डावी बाही मनगटापर्यंत ओढली. पुढे कुणी कॉफीला हात लावला नाही.

घरी येताना ते एकच वाक्य बोलले. "त्या टेबलापाशी मी आजारी नव्हतो."

"अहो, पण पोटात जातंच ना ते."

"अर्धा पेला कोण मोजतं?"

"तुमचं अंग मोजतंय की."

त्यानंतर वजन उतरलं. टेक्निशियन हसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा इको पाहिला, मान डोलावली आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली. स्मिताने देवाला साखर ठेवली. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि तिला वाटत होतं की आता तरी घरात जरा हलकं वाटेल.

कुठलं काय. वासुदेवराव घराबाहेर पडेनासे झाले. मित्र एकदा आले, केळी आणि शहाळी घेऊन, म्हणजे नेमकं जे चालत नाही तेच. बिचाऱ्यांना काय माहीत. दवाखान्यात बसतात तसे खालच्या आवाजात बोलले, "सरी, बरंय, विश्रांती घ्या" म्हणाले आणि गेले. वासुदेवराव दिवसभर खिडकीशी. विचारलं तेवढंच बोलणं, बाटलीतलं पाणीसुद्धा संध्याकाळी उरायला लागलं.

"जरा फिरून या," ती म्हणायची.

"बघू."

शेवटी तीच शिवकुमारांच्या घरी गेली. म्हणाली, यांना हाक मारा, नुसतं उभं राहायला न्या, काही पाजू नका. शिवकुमार चष्मा पुसायला लागले.

"अक्का, त्यांच्यासमोर आम्ही कसं प्यायचं? घशाखाली उतरत नाही. आणि सगळे त्यांच्याकडेच बघत बसतात. त्यांनाही बरं वाटणार नाही." मग जरा ओशाळून म्हणाले, "आम्ही आता ती जागाच सोडलीय."

रस्ताभर स्मिताला शिवकुमारांचा राग आला, यांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण त्या दिवशी बोलली नसती तर ही तारीख मिळाली नसती, हेही खरंच होतं. तिने काय करायला हवं होतं हे तिला अजूनही कळत नव्हतं.

घरात शिरताच वासुदेवरावांनी विचारलं, "शिवकुमारकडे गेली होतीस?"

"नाही हो. मेथी आणायला गेले होते." पिशवी रिकामी होती.

"ते सगळे आता जे. पी. नगरच्या बाजूला बसतात," वासुदेवराव म्हणाले. "मी गेलो होतो परवा, तू बाजारात गेलीस तेव्हा. लांबून पाहिलं आणि परत आलो."

तिने रिकामी पिशवी खुंटीला लावली.

"मी वाचेन, स्मिता. तुझ्यामुळेच वाचेन, ते कळतं मला. पण तुझ्यावरचा राग जात नाही, काय करू?"

"असू द्या," ती म्हणाली. "माझाही तुमच्यावरचा गेला नाहीये."

आणि ती बटाट्यांचं पाणी ओतायला आत गेली.