वलय हललंच नाही

कारखान्यात येण्याआधी बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, म्हणून इथेही सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांचा आवडता धडा एकच. रेणूत ऑक्सिजन घुसला की शेजारच्या दोन गटांपैकी एकाला जागा सोडून त्याच्याकडे सरकावं लागतं. कुणी सरकायचं? ज्याला इलेक्ट्रॉन देणं जड जात नाही त्याने. बेंझिनचं वलय आधी, साधी साखळी मागून. "घरात पाहुणा आला की खुर्ची कोण सोडतं, तसंच," असं म्हणून त्या वर्गाला हसवायच्या.

नव्या औषधाची कृती ठरवताना बाईंनी हाच क्रम डोळे झाकून धरला. बॅच बिघडली. रिअ‍ॅक्टरमधून निघाला तो माल भलताच होता. तापमान चढलं असणार, असं मॅनेजर म्हणाला आणि सगळ्यांच्या नजरा त्या शिफ्टच्या ऑपरेटरकाकांकडे वळल्या. चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी बाईंनी फ्रिजमधली एक बाटली काढली. कृती ठरवताना चंबूत केलेला पहिला नमुना तिच्यात होता. तेव्हा त्यांनी फक्त रेणूचं वजन तपासलं होतं. ते जुळलं, बाई खूश. पण वलय सरको की साखळी सरको, वजन तेवढंच भरतं, हे त्यांच्या सर्वांत ढ विद्यार्थ्यालाही ठाऊक असायचं! आता त्यांनी यंत्रावर आलेख काढून रचना तपासली. चंबूतही साखळीच सरकली होती. या वलयावर नायट्रो गट बसलेला, तो सगळे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरणार. मग वलय कशाला हलतंय? तापमानाचा काडीचाही संबंध नव्हता.

आलेख बाईंनी ड्रॉवरमध्ये सारला आणि धुतलेले चंबू पुन्हा धुवायला घेतले. लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती, आणि त्याची त्यांना आणखी लाज वाटत होती.

चौकशीच्या खोलीत त्यांनी मान वर केली नाही. काका मात्र स्वतःहून उभे राहिले.

"घरी मुलगी आजारी आहे, साहेब. झोप पुरी होत नाही. लागला असेल डोळा. उगाच नाही कशाला म्हणू?"

"मग उद्यापासून येऊ नका," मॅनेजर म्हणाला. काम आटोपल्यासारखा तो उठलासुद्धा.

जिन्यात काकांनी बाईंना गाठलं. त्यांचे डोळे भरले होते. "बाई, तुमच्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं. माफ करा मला."

न केलेल्या चुकीची माफी हा माणूस मागत होता, आणि तीही कुणाकडे!

"काका, इथेच थांबा. कुठे जाऊ नका," म्हणत त्या ड्रॉवरमधला आलेख आणि फ्रिजमधली ती बाटली आणायला धावल्या.

मॅनेजरने आलेख पाहिला, बाटलीवरची जुन्या तारखेची चिठ्ठी पाहिली. "अरेच्चा! होतं असं, बाई. पुढच्या बॅचला सुधारा."

"आणि काका?"

"येऊ दे त्यांना."

एवढंच. काकांची चूक असली की घरी बसायचं, बाईंची असली की पुढची बॅच. बाईंना बोलणी खावी लागली असती तरी चाललं असतं. हे चालत नव्हतं.

जिन्यातच त्यांनी काकांना सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, काका. तुम्ही टक्क जागे असता तरी हेच झालं असतं. आणि मला हे कालच कळलं होतं."

काका नुसतेच हसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन कँटीनमध्ये शिरल्या, तेव्हा काका सगळ्यांना सांगत होते, "माझी चूक बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतली. सख्खी बहीण करणार नाही एवढं."

"अहो नाही, खरंच माझीच चूक होती. मी गप्प बसले होते."

"बघा," काका म्हणाले, "अजूनही तेच म्हणतायत."

कुणीतरी लगबगीने उठून बाईंना आपली खुर्ची दिली. बाई डबा धरून तशाच उभ्या राहिल्या.